शेवटच्या वळणावरचा कावळा

शेजारचा म्हातारा गेला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रातल्या दोनच ओळींवरून भांडण झालं. गाडी मुलाला आणि मुलीला अर्धी-अर्धी. राख मुलाला आणि मुलीला अर्धी-अर्धी.

राख अर्धी करता येते. त्यांच्या स्वयंपाकघरात, केकचा मैदा मोजायच्या डिजिटल काट्यावर ती झाली तेव्हा डब्याचं झाकण माझ्याच हातात होतं. मुलीच्या वाट्याला तीन ग्रॅम जास्त गेली. मुलगा म्हणाला, असू दे. मुलीने आपला वाटा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. मुलाने आपला वाटा गाडीच्या पुढच्या बंपरच्या पोकळ नळीत ओतला आणि तोंड वेल्डिंग करून बंद केलं. म्हणजे आता गाडीत अर्धा बाप होता, आणि गाडी कोणाची हे अजून ठरायचंच होतं.

ही गाडी कसली, ते आधी सांगायला हवं. म्हातारा स्टॉक कार रेसिंगचा ड्रायव्हर होता. मलाही आधी वाटायचं की रेसिंग म्हणजे चकचकीत गाड्या आणि शॅम्पेन. हे तसं नाही. मातीचा लंबगोल ट्रॅक, त्यावर लोखंडी पिंजऱ्यासारख्या गाड्या, पुढे-मागे रेल्वेच्या रुळाएवढे जाड बंपर. पुढच्या गाडीला मागून धक्का देऊन बाजूला सारायचं, हे इथे नियमात बसतं. किंबहुना त्यासाठीच लोक तिकीट काढून येतात. आयुष्यभर म्हातारा ट्रॅकवर डावीकडेच वळला आणि राहिला मात्र इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये, जिथे दर तीनशे मीटरवर एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आणि तोही उलट्या दिशेने फिरणारा. त्याबद्दल तो कौन्सिलला वर्षातून एक पत्र लिहायचा.

मी पुण्याचा. इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना नम्रपणे कळवतो. आम्ही आठ वर्षांपूर्वी त्याच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा म्हाताऱ्याने रेसिंग सोडून वर्ष झालं होतं. दर रविवारी सकाळी नऊला त्याच्या गॅरेजमधून वेल्डिंगचा आवाज सुरू व्हायचा. मी पहिल्या रविवारी भांडायला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. बायको म्हणाली, "काय झालं? बोललास का त्याला?" मी म्हटलं, "बोललो. खूप बोललो." दोन तास बोललो होतो. आवाजाचा विषय राहून गेला. माझं हे असं आहे, भांडायला जातो आणि पाहुणा होऊन येतो.

त्याचं बोलणं अर्थातच इंग्रजीत असायचं, पण माझ्या आठवणीत ते सगळं मराठीतच येतं, त्याला माझा इलाज नाही.

त्या गाडीने त्याने शेवटची शर्यत जिंकली होती. तिचा व्हिडिओ मी किमान पन्नास वेळा पाहिला असेन, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायचा. शेवटची फेरी. सगळ्यांच्या पुढे त्याचा मुलगा. मुलाच्या मागे म्हातारा. शेवटच्या वळणावर मुलगा वेग कमी करतो, म्हातारा करत नाही. धाडकन मुलाची गाडी कठड्यावर आदळते, म्हातारा पुढे जातो आणि झेंडा पडतो. मुलाची कॉलरबोन मोडली. त्याला ती ट्रॉफी पहिल्यांदाच मिळणार होती.

त्या क्षणापासून जगाचे दोन भाग झाले. जग म्हणजे या खेळाचं जग, हजार-दोन हजार माणसं, पण त्यांच्या दृष्टीने तेच जग. अर्धे म्हणायचे, याला म्हणतात ड्रायव्हर, शेवटच्या वळणावर ना बाप ना लेक. अर्धे म्हणायचे, असला बाप वैऱ्यालाही नको. स्टेडियममध्ये त्याचं नाव घेतलं की अर्धं स्टँड टाळ्या वाजवायचं आणि अर्धं हुर्यो करायचं. दोन्ही बाजूंच्या टोप्या वेगळ्या होत्या. म्हाताऱ्याकडे दोन्ही टोप्या होत्या.

मुलगा त्या दिवसापासून बापाशी बोलला नाही. रेसिंग सोडलं. वीस मिनिटांवर राहायचा, वेल्डरच होता, पण नऊ वर्षं आला नाही. "नाताळला एक कार्ड पाठवतो," मुलगी मला सांगायची, "आत काहीच लिहिलेलं नसतं." मुलगी प्राथमिक शाळेत नोकरीला होती. शाळेत जायच्या आधी आणि सुटल्यावर, दिवसातून दोनदा, ती बापाकडे येऊन जायची. बापाची बाजू घेतली म्हणून भाऊ तिच्याशीही बोलेनासा झाला होता.

आता मला माहीत असलेली गोष्ट. ही मला माहीत नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि माझे कितीतरी रविवार सुखात गेले असते.

आमची ओळख होऊन तीनेक वर्षं झाली होती. मी गॅरेजच्या दारात चहा घेऊन उभा होतो, म्हातारा वेल्डिंग करत होता. मला जळका वास आला. वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब त्याच्या उजव्या बुटावर पडून चामड्यातून आत गेला होता. बुटातून धूर येत होता आणि म्हातारा शांतपणे मला वेल्डिंगच्या कांड्यांचे प्रकार समजावत होता. मी ओरडलो. त्याने खाली पाहिलं, "अरे, हो का," म्हणाला आणि बुटावर चहा ओतला. माझा चहा.

टेस्टरचं डोकं. एकदा चूक दिसली की मागच्या सगळ्या आठवतात. एका पायात स्लिपर आणि एक पाय अनवाणी असा तो बागेत हिंडायचा, दुसरी स्लिपर कुठे पडली हे त्याला कळायचंच नाही. मी विचारलं, "पायाला काही लागत नाही का तुला?"

त्याने ओला बूट काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "डायबेटिस. पाच वर्षांपूर्वी घोट्याखालचं सगळं गेलं. शेवटच्या शर्यतीच्या वर्षभर आधी."

मला कळायला थोडा वेळ लागला. आणि कळलं तेव्हा मी खाली टूलबॉक्सवर बसलो.

"मला वाटलं मी पाय उचलला," तो म्हणाला. "देवाशपथ, मला वाटलं मी पाय उचलला. तो पेडलवरच होता."

"मग मुलाला सांग की!"

"काय सांगू? माझ्या पायाला कळत नव्हतं तरी मी तुझ्या मागे सत्तर मैलांच्या वेगाने गाडी चालवत होतो, हे सांगू? त्यापेक्षा नालायक बाप बरा. नालायक माणसाचं पोस्टर लावतात रे. आंधळ्या पायाच्या म्हाताऱ्याचं कोण लावतं?"

मग त्याने माझ्याकडून वचन मागितलं. इंग्रजीत काही सुचेना, म्हणून मी लहानपणी करायचो तेच केलं. गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हटलं, "गळ्याशपथ." म्हाताऱ्याला हे भयंकर आवडलं. सहीपेक्षा पक्कं आहे म्हणाला. मग विचारलं, "सुटायचं असेल तर?" मी सांगितलं, ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हणायचं, म्हणजे सुटते. त्याने दोन-तीनदा शब्द घोळवून पाहिला आणि म्हणाला, "मी नाही म्हणणार." आणि खरंच नाही म्हणाला. गेल्या हिवाळ्यात डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये, हातात बागकामाचं मासिक घेऊन, बसल्या बसल्या गेला. आयुष्यभर कठड्यांवर आदळून काही झालं नाही आणि दात साफ करायला गेला तर हे.

मला खूप वाईट वाटलं. पुण्याहून इथे आल्यापासून जिथे फोन न करता जाता येतं असं ते एकच घर होतं.

आमच्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेऊन देतात. मी पिठलं-भात घेऊन गेलो. मुलीने पिठल्यात बिस्किट बुडवून पाहिलं आणि आवडलं म्हणाली. इथे माणूस गेल्यावर अंत्यसंस्काराची तारीख मिळायला तीन-तीन आठवडे लागतात. दहाव्या दिवशी मी पुन्हा डबा घेऊन गेलो तेव्हा म्हातारा अजून शवागारातच होता. ती म्हणाली, "तुमच्यात आजच्या दिवशी काय करतात?"

इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण विचारलं तर सांगावं, या पुणेरी रोगाला औषध नाही. मी सांगितलं की दहाव्याला भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला तर गेलेल्याची काही इच्छा राहिली नाही असं समजतात. नाही शिवला तर घरातले एकेक जण हात जोडून मोठ्याने सांगतात: आईला मी सांभाळीन, धाकट्याचं लग्न मी करीन, काळजी करू नका. ज्याच्या बोलण्यावर कावळा शिवेल, तीच गोष्ट मनात अडकली होती म्हणायचं.

तिने हे सगळं शाळेच्या डायरीत लिहून घेतलं. मला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

कारण अंत्यसंस्कार होऊन राख वाटली गेली आणि भाऊ-बहिणीत गाडीवरून जुंपली. क्लबने म्हाताऱ्याच्या आठवणीत एक रविवार ठेवला होता, सगळ्या शर्यतींच्या आधी त्याच्या गाडीने एक फेरी. मुलाला ती फेरी स्वतः मारायची होती आणि शेवटच्या वळणावर, जिथे त्याची कॉलरबोन मोडली तिथेच, गाडी पूर्ण वेगाने कठड्यावर घालायची होती. बंपरमधल्या बापासकट. "त्याने मला घातलं, मी त्याला घालणार," तो म्हणाला. "हिशेब संपला." मुलीला गाडी गॅरेजमध्ये, जशी आहे तशी, धुऊन-पुसून ठेवायची होती. शिवाय भाऊ त्या वळणावर पुन्हा जाणार म्हटल्यावर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पहिल्या वेळी कॉलरबोनवर निभावलं, ती म्हणाली, दर वेळी निभावेल कशावरून?

"आपण डॅडलाच विचारू," ती भावाला म्हणाली. "कावळ्यातर्फे."

आणि तो हो म्हणाला! सोमवारी मला दोघांनी मिळून बोलावून हे सांगितलं. मी कळवळून समजावलं की कावळा न्यायाधीश नसतो, त्याच्यापुढे केस चालवायची नसते. पण नऊ वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि ती गोष्ट कावळा होती. बायको म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तुला हौसच आहे. आता बस."

खरं सांगायचं तर मला स्वतःलाही तो कावळा हवा होता. मुलगा त्या वळणावर जाणार होता ते एका खोट्यापायी, आणि खरं काय ते मला माहीत होतं. माझा गळा शपथेत अडकला होता. कावळा शिवला तर म्हाताऱ्याने मला सोडलं असं मी धरून चालणार होतो. मी शिकलेला माणूस आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरीही.

माझ्या वडिलांच्या दहाव्याला मी मिल्टन कीन्समधून व्हिडिओ कॉलवर होतो. मावसभावाने फोन पिंडाकडे धरला होता. कावळा काही येईना. सगळ्यांनी सगळी वचनं देऊन झाली. शेवटी गुरुजी म्हणाले, तो फोन बंद करा बरं, त्याला घाबरतोय. फोन बंद केला आणि म्हणे लगेच शिवला. हे मी बायकोला सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

तर तो रविवार. स्टेडियमच्या मधोमध गवताचा हिरवा तुकडा, त्यावर म्हाताऱ्याची गाडी, गाडीच्या टपावर कागदी प्लेट, प्लेटमध्ये चिप बटी. म्हणजे पावात भरलेले जाड बटाट्याचे चिप्स. आपल्या वडापावातल्या वड्यावरचं बेसन काढून चटणी विसरली तर जे उरेल ते. म्हाताऱ्याचा जीव की प्राण. डावीकडच्या स्टँडमध्ये एका रंगाच्या टोप्या, उजवीकडे दुसऱ्या. मी, माझी बायको, दहा वर्षांची मुलगी आणि ती भावंडं गवतावर. लाउडस्पीकरवरून सूत्रसंचालकाने माझी ओळख "भारतातून आलेले कावळातज्ज्ञ" अशी करून दिली. बायकोने गॉगल लावला.

म्हाताऱ्याची मुलगी पुढे झाली. हात जोडले, अगदी मी शिकवल्यासारखे, आणि म्हणाली, "डॅड, तुझी गाडी मी नीट ठेवीन. रोज कापड मारीन."

डावीकडच्या कठड्यावर एक जॅकडॉ बसला होता. कावळ्याच्याच जातीचा, मानेला राखाडी, पुण्याच्या कावळ्यासारखाच पण लहान. त्याने मान वाकडी करून पाहिलं आणि तो तिथेच बसून राहिला.

मुलगा पुढे झाला. हात खिशातच. "डॅड, मी तुला कठड्यावर घालणार आहे."

वरून एक भलामोठा सीगल खाली आला, एक चिप उचलली आणि गेला. उजवीकडचं स्टँड उठून नाचायला लागलं. डावीकडचं ओरडायला लागलं की सीगल म्हणजे कावळा नव्हे. सूत्रसंचालक म्हणाला, "निकालासाठी आपण तज्ज्ञांकडे जाऊ या." माझ्यापुढे माइक आला. दोन हजार माणसं आणि माझ्या हातात माइक. मी म्हणालो, सीगल चालत नाही. उजवीकडून हुर्यो झाली. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हुर्यो केली, आणि सांगतो, फार वाईट नसतं.

अर्धा तास गेला. दोघांनी आळीपाळीने आपापलं म्हणून झालं. सीगल आणखी दोनदा येऊन गेला. जॅकडॉ ढिम्म. "बाबा, हा चीटिंग आहे," माझी मुलगी म्हणाली, "त्याला भूकच नाही." शर्यतींना उशीर होऊ लागला. शेवटी मी पुण्याला मामांना फोन लावला. मामा बँकेतून रिटायर झालेले, पण नातेवाइकांत कुठल्याही विधीची अडचण आली की त्यांनाच फोन जातो.

"मामा, कावळा शिवत नाहीये."

"अरे, दहावा कधी झाला? तू तर महिन्यापूर्वी गेले म्हणालास."

"इथे तारीख मिळत नाही मामा."

"पिंड कशाचा केलाय?"

"बटाट्याचा."

 "उपासाला चालतो म्हणजे चालायला हरकत नाही," ते म्हणाले. "आणि कावळा येत नसेल तर दर्भाचा करायचा. गवताचा कावळा करून पिंडाला टेकवायचा. ज्याने क्रियाकर्म केलं त्याने. पण मनात काय अडलंय ते आधी निस्तरा म्हणावं. नुसता टेकवून उपयोग नाही."

फोन स्पीकरवर होता. मामांच्या पुणेरी मराठीचं मी माइकवर भाषांतर केलं आणि दोन्ही स्टँडनी ते शांतपणे ऐकून घेतलं. दर्भ तर नव्हता. मुलाने टूलबॉक्समधून तार काढली, टायरच्या रबराचा एक तुकडा कापला आणि दोन मिनिटांत कावळा करून दाखवला. चोच, पंख, सगळं. बापाचा हात होता पोराला. 

कावळा हातात धरून तो माझ्याजवळ आला. माइकपासून दूर, अगदी जवळ. "मनात काय अडलंय म्हणाला ना तुझा मामा," तो म्हणाला. "मला एकच विचारायचंय. तू रोज त्याच्याबरोबर चहा प्यायचास. तो कधी सॉरी म्हणाला का? एकदा तरी?"

हेच ते. गाडीबिडी सगळं बाजूलाच. नऊ वर्षं तो एवढ्याच एका गोष्टीसाठी रागावून बसला होता.

मी कठड्याकडे पाहिलं. जॅकडॉ माझ्याकडेच बघत होता. म्हातारा 'सुटली' म्हणणार नाही म्हणाला होता आणि तो शब्दाचा पक्का होता. आपलं वचन मोडायचं नसतं, हे मला कळतं. पण समोर पंचेचाळीस वर्षांचा माणूस रबराचा कावळा हातात धरून उभा होता आणि दहा मिनिटांत तो कठड्यावर जाणार होता.

मी त्याच्या कानात सांगितलं. डायबेटिस, बूट, लोखंडाचा थेंब, चहा. आणि "मला वाटलं मी पाय उचलला."

त्याने रबराचा कावळा दुसऱ्या हातात घेतला. मग विचारलं, "कुठला पाय?"

"उजवा."

त्याने मान खाली घालून स्वतःच्या उजव्या बुटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग गाडीपाशी गेला आणि तो कावळा, फार हलक्या हाताने, चिप बटीला टेकवला.

सूत्रसंचालक धावत आला. "लेडीज अँड जंटलमेन, कावळा शिवला! सांग बाबा, काय उत्तर आलं? नऊ वर्षं आपण सगळे हेच विचारतोय, म्हातारा सॉरी म्हणाला?"

मुलाने माइक हातात घेतला.  आता हा सगळ्यांसमोर सांगणार, आणि म्हाताऱ्याच्या दोन्ही टोप्या एका दमात कचऱ्यात जाणार.

"नाही," तो म्हणाला. "म्हणाला, उद्या पुन्हा तसंच करीन."

अर्धं स्टँड टाळ्या वाजवायला लागलं, अर्ध्याने हुर्यो केली. अगदी म्हाताऱ्याच्या वेळेसारखीच. मुलगा ते सगळं संपेपर्यंत ऐकत उभा राहिला. मग प्लेट उचलून गवतावर ठेवली, हेल्मेट घातलं आणि गाडीत बसला.

गाडी सुरू झाली. तो आवाज आमच्या रविवारांचाच होता, फक्त दहापट मोठा. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. म्हाताऱ्याच्या मुलीने माझी बाही घट्ट धरली होती. शेवटच्या वळणाकडे तो पूर्ण वेगाने आला, इतक्या की माझ्या बायकोने गॉगल काढून डोळ्यांवर हात ठेवले. आणि बरोबर त्या जागी, कठड्याच्या थोडं आधी, इंजिनचा आवाज एकदम खाली आला. गाडी वळली आणि कठड्यापासून हातभर अंतरावरून, धडधाकट, पुढे निघून गेली.

आता दोन्ही स्टँडनी मिळून हुर्यो केली. डावीकडच्यांना, उजवीकडच्यांना, सगळ्यांना आदळायलाच हवं होतं. भेकड, भेकड असं एका सुरात चाललं होतं. नऊ वर्षांत त्यांचं असं एकमत कधी झालं नव्हतं.

"बाबा, प्लेट रिकामा आहे," माझी मुलगी म्हणाली. पाहिलं तर खरंच रिकामी. कोणी खाल्लं ते कोणीच पाहिलं नव्हतं. कठड्यावर जॅकडॉ नव्हता, आणि सीगलही दिसत नव्हता. मी चौकशी केली नाही.

म्हाताऱ्याची मुलगी रडत होती. "त्याने पाय उचलला," ती म्हणाली. "ऐकलंस? त्याने पाय उचलला."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ त्याच्या पायात मोजे मीच घालत होते," ती म्हणाली. "मला काय कळत नव्हतं? पण त्याने माझ्याकडून हे करून घेतलं होतं." आणि तिने गळ्याची कातडी चिमटीत धरून दाखवली. नेमकी तशीच, अंगठा आणि पहिलं बोट. म्हाताऱ्याने माझीच शपथ माझ्याकडून शिकून घेऊन पोटच्या पोरीला घातली होती. "मी सांगू शकले नाही. म्हणून तर कावळा आणला. शपथ तुझ्याकडून शिकलो म्हणाला होता, म्हणजे तुलाही माहीत असणार. म्हटलं, तू तरी सांगशील."

 मला रागही आला, हसूही आलं. मग म्हटलं, "आपली शपथ अजून सुटलेली नाही. ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. आणि तो तर गेला."

"अर्धा माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "बिस्किटाच्या डब्यात. माझ्या अर्ध्याची मी सोडवते. काय म्हणायचं असतं?"

मी शब्द सांगितला. तिने तो वेडावाकडा का होईना, म्हटला.

तेवढ्यात गाडी आमच्यापाशी येऊन थांबली. मुलाने हेल्मेट काढलं. हुर्यो अजून चालूच होती. ती त्याच्याजवळ गेली आणि वाकून पुढच्या बंपरवर हात ठेवला. "एक शब्द म्हण," ती म्हणाली. "तुझ्या अर्ध्याचा."

त्याने कसला, कशाला, काही विचारलं नाही. तिने सांगितला तसा म्हटला, "सुटली," आणि मग तोही तिच्या शेजारी बंपरवर हात ठेवून रडायला लागला.